ओळखीच्या माणसांनीच नाकारलं तर प्रभूचं काम कसं चालू ठेवायचं?

रविवारची_घंटा

जय ख्रिस्त मंडळी. लिहू की नको असं गेले तीन आठवडे चाललंय, आज लिहूनच टाकतो.

मी पुण्यातच वाढलो, आमच्या चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत. वडील तिथे शिपाई होते. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, प्रभुभोजनाची भांडी घासून ठेवायची, लग्न असलं की खुर्च्या मांडायच्या, कुणी गेलं तर दफनभूमीत जाऊन खड्डा नीट खणलाय का बघायचं, सगळं तेच करायचे. घंटेचा दोर काथ्याचा होता, त्यामुळे तळहातावर करंगळीखाली कायम घट्टा. मला लहानपणी दोर धरू द्यायचे तेव्हा सांगायचे की पहिल्या ओढीला घंटा नुसती हलते, बोलत नाही, तिसऱ्या ओढीला आवाज येतो, तोवर हात सोडायचा नाही.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मी कंपनीची ड्यूटी सांभाळून संध्याकाळचा तीन वर्षांचा बायबलचा कोर्स पूर्ण केला. मनात एकच होतं, की बंद पडलेली दुपारची शब्बाथशाळा (रविवारचा मुलांचा बायबलवर्ग) परत सुरू करायची आणि आजारी, म्हातारी माणसं ज्यांना उपासनेला येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन वचन वाचायचं. पाळकसाहेब हो म्हणाले. मग विषय कमिटीपुढे गेला, आणि तिथे एक काका, ज्यांनी मला कडेवर घेऊन नाताळचा केक भरवलाय, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "याचा बाप आमच्या चपला सांभाळायचा, आता हा आम्हाला वचन सांगणार का?" कुणी हसलं नाही पण कुणी काही बोललंही नाही. मला त्या गप्प बसण्याचंच जास्त लागलं.

घरी मोठा भाऊ चार महिने बोलत नाही. मी चाकणची पर्मनंट नोकरी सोडून अर्ध्या वेळेची धरली म्हणून.

मी तरीही वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी अकरा मुलं होती, आता चार. विश्वास गेलेला नाही पण प्रार्थनेला बसलो की तेच वाक्य कानात येतं. तुम्ही असल्या वेळी काय केलंत? दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, जावं का, जिथे मला कुणी ओळखत नाही?

कसबेकर

वाचून गलबलून आलं. वडिलांचा तो घट्टा डोळ्यांसमोर उभा राहिला. सध्या एवढंच, नंतर सविस्तर लिहितो.

हडपसरची_लेक

दादा, मी स्पष्टच सांगते, जा दुसरीकडे. बायबलमधलं मार्क ६ काढून बघा, येशूच्या गावचे, नासरेथचे लोक त्याच्याबद्दल हेच म्हणाले ना, हा तो सुतारच ना, मरीयेचा मुलगा, याच्या बहिणी आपल्या इथेच आहेत ना? म्हणजे त्यांना शिकवणुकीत काही खोट सापडली नाही, फक्त घर माहीत होतं! आणि मत्तय ४ मध्ये सरळ लिहिलंय की येशू नासरेथ सोडून कफर्णहूमात जाऊन राहिला. प्रभूने जे केलं ते तुम्ही केलं तर पळून गेलात असं कुणी म्हणू शकत नाही. मार्क ६ मध्येच पुढे शिष्यांना पायाची धूळ झाडून टाकायलाही सांगितलंय. मी स्वतः मंडळी बदलली, दोन वर्षांत जखम भरली, आता शब्बाथशाळेत तीस मुलं घेते.

गुरुवारपेठी_तात्या

ताईंचं म्हणणं पटलं, पण नासरेथला तो एकदाच गेला असं नका धरू. लूक ४ मध्ये सभास्थानात यशयाचं पुस्तक वाचलं, लोक चिडले, गाव ज्या डोंगरावर होतं त्याच्या कड्यापर्यंत ढकलत नेलं आणि तो त्यांच्यामधून निघून गेला. मार्क ६ मध्ये परत गावात येऊन शिकवतोय. काही अभ्यासक म्हणतात ही एकच घटना दोघांनी सांगितली, काही म्हणतात दोन भेटी. मला दोन भेटी वाटतात. कड्यावरून ढकलायला निघालेल्या गावात तो पुन्हा गेला, हा विचार मला फार धीर देतो.

आता थोडं अवांतर. मी पंचहौदजवळचा. आमच्या या पेठेत १८९० साली नुसत्या चहावरून केवढं रामायण झालं माहितीये का? गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान) पुढाकार घेऊन पुण्यातल्या बड्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये नेलं, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्याले, कुणी कपाला नुसता हात लावला. नंतर गोपाळरावांनी नावांची यादीच छापून आणली. ग्रामण्य (जातीतून बहिष्काराचा वाद) झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यात लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एवढा मोठा माणूस, पण आपल्या लोकांनी वाळीत टाकण्याची भीती काय असते बघा. म्हणून ज्यांना नोकरी, घर, भाऊ सगळं पणाला लावून उभं राहावं लागतं त्यांना कुणी हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

टिन_चार_खोल्या

तात्या, बिस्किटं म्हटलंत आणि कॅम्पातली श्रूजबेरी आठवली, आता रात्री अकरा वाजता कुठून आणू 😄

गुरुवारपेठी_तात्या

पेठेत या उद्या, चहा मी पाजतो. यादी छापणार नाही 😄

सुमनमावशी_नगर

बाळा, मी बहात्तर वर्षांची आहे, नातू टाईप करून देतोय. माझं जरा वेगळं आहे, राग मानू नकोस.

त्या काकांचं चुकलं. शंभर टक्के चुकलं. पण भावाचं चुकलं असं मला वाटत नाही. तू नोकरी सोडलीस तेव्हा त्याला आधी विचारलंस का? आईच्या औषधाचं कोण बघतं? घरात दोघे कमावणारे होते, आता दीड झाले, त्याने रात्री हिशेब केला असेल आणि झोप उडाली असेल. त्याचा अबोला म्हणजे प्रभूला विरोध नव्हे. आपल्यात ही एक सवय आहे, घरच्यांनी काही विचारलं की लगेच म्हणायचं माझा छळ होतोय. छळ वेगळा आणि दुखावलेला भाऊ वेगळा.

दुसरं. आमच्या नगरमध्ये टिळकांचं, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव अजून घराघरात आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे होत्या, त्यांच्यावर आकाश कोसळलं. किती वर्षं ताटातूट, लोकांची बोलणी, मूल कुणाकडे राहायचं हा घोर. पुढे त्या एकत्र राहायला आल्या तरी आपलं सोवळं पाळायच्या, वेगळं शिजवायच्या, आणि टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जवळपास पाच वर्षांनी त्या स्वतःच्या पायांनी आल्या. लक्ष्मीबाईंचं स्मृतिचित्रे वाच, त्यात दोन्ही बाजू कळतात, ज्याने पाऊल उचललं त्याचीही आणि जी मागे राहिली तिचीही.

आणि तुझे वडील म्हणायचे ना तिसऱ्या ओढीला आवाज येतो? तुझी अजून दुसरी चालू आहे. दोर सोडू नकोस.

रविवारची_घंटा

मावशी, शेवटची ओळ वाचून बराच वेळ बसून राहिलो.

भावाला आधी विचारलं नव्हतं, राजीनामा देऊन मग सांगितलं. आईच्या औषधांचे पैसे मी देतो, पण ते त्याच्या हातात न देता परस्पर मेडिकलवाल्याला देतो, कारण तो घेत नाही. तुम्ही म्हणालात ते खरं आहे, ते मी छळाच्या खात्यात टाकत होतो.

प्रश्नचिन्ह

मी हिंदू आहे, या चर्चेत बोलावं का माहीत नाही पण वाचत होतो म्हणून लिहितो. कुणाला दुखवायचं नाही. माझ्या सख्ख्या आतेबहिणीने बाप्तिस्मा घेतला, घरात कुणाला न सांगता. आत्याला शेजारणीकडून कळलं. मग सगळे म्हणतात नातेवाइकांनी नाकारलं, पण आम्हालाही वाटलं की आम्हालाच नाकारलं. आत्या अजून गौरीला तिच्या नावाची ओटी बाजूला काढून ठेवते. ही बाजू तुमच्यात कुणी बोलतं का?

दुसरं, या वर्गात इतर धर्मांची मुलं येतात का? आली तर त्यांच्या आईबापांना माहीत असतं का?

रविवारची_घंटा

@प्रश्नचिन्ह, बरं झालं विचारलंत. रविवारी वचनाचा वर्ग असतो, तो आमच्याच मंडळीतल्या मुलांचा. बुधवारी संध्याकाळी गणित-इंग्रजीचा अभ्यास घेतो, त्याला आवाराच्या मागच्या गल्लीतली कुणाचीही मुलं येतात, तिथे मी बायबल उघडत नाही, आईबाप दारात येऊन सोडून जातात. चोरून केलेली गोष्ट मला प्रभूच्या नावावर खपवायची नाही.

सदाशिवातली_शांता

प्रश्नचिन्ह, तुमच्या आतेबहिणीच्या जागी मी आहे. म्हणजे ती नव्हे, पण गोष्ट तीच.

सदाशिव पेठेतलं घर, वडील रोज गीतेचा अध्याय म्हणणारे. मी सत्तावीस वर्षांची असताना बाप्तिस्मा घेतला, लग्नासाठी नाही, नोकरीसाठी नाही. आधी वडिलांना सांगितलं, आठ महिने सांगत होते. ते म्हणाले तुला जे दिसलंय ते मला दिसत नाही, पण तू खोटं बोलत नाहीस हे मला दिसतंय. एवढं बोलून त्यांनी माझ्याशी बोलणं थांबवलं, तीन वर्षं. आई ताट वाढायची पण पंगतीपासून हातभर लांब. ते हातभर अंतर मी रोज बघायचे, मधली फरशी उडालेली होती, तिच्यात भाताचं शीत अडकायचं. अजून ती फरशी आठवते.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगते, नव्या मंडळीतही मला पटकन घेतलं नाही. तिथे कुजबुज, ही पेठेतली, हिला इथे काय हवंय, टिकते का बघू. म्हणजे जुन्या ओळखीची माणसं म्हणत होती तू आता आमची नाहीस आणि नवी म्हणत होती तू अजून आमची नाहीस. त्या काळात मला स्तोत्र २७ ने धरून ठेवलं, माझ्या आईबापांनी मला सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील. पण खरं सांगू, त्या ओळीमुळे आईबापांचं सोडणं दुखायचं थांबलं नाही. दुखत असतानाही कुणीतरी जवळ आहे एवढंच कळलं, आणि त्यावर दिवस निघायचे.

वडील आजारी पडले तेव्हा ससूनमध्ये रात्री मी बसायचे. एकदा पहाटे म्हणाले, तुमचं ते एक म्हण. मी हळू आवाजात टिळकांचं एक भजन म्हटलं. ते म्हणाले, हा तर अभंगच आहे. त्यानंतर रोज एक म्हणायला लावायचे. ते ख्रिस्ती झाले नाहीत, मीही तो विषय काढला नाही. आत्याबाईंना म्हणावं, ओटी जरूर ठेवा, आणि एकदा फोन करून सांगा की ठेवलीय.

प्रश्नचिन्ह

सांगतो. धन्यवाद ताई.

केडगाव_लोकल

शांताताई, जुन्यांची नाही आणि नव्यांचीही नाही, हे वाचून लगेच पंडिता रमाबाई आठवल्या. मी दौंड लाईनवरचा, केडगाव स्टेशनवर उतरलं की त्यांचं मुक्ती मिशन चालत जाण्यासारखं, लहानपणापासून बघतोय.

त्यांचं शारदा सदन (विधवांसाठीची शाळा आणि वसतिगृह) १८८९ ला मुंबईत निघालं आणि १८९० मध्ये पुण्यात आलं. १८९३ ला पुण्यात वादळ उठलं, मुली ख्रिस्ती होतील म्हणून, केसरीने झोड उठवली, आणि सल्लागार मंडळातली रानडे-भांडारकरांसारखी स्वतःला सुधारक म्हणवणारी माणसंसुद्धा बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या पुण्याने १८८२ मध्ये त्यांची व्याख्यानं डोक्यावर घेतली तेच पुणे. आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंडमध्ये वाँटेजला ज्या सिस्टरांकडे राहून १८८३ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्याशीही वाद, कारण रमाबाई म्हणायच्या मी ख्रिस्ताचं ऐकेन, पण प्रत्येक माणसाने सांगितलेला मतप्रवाह डोळे मिटून गिळणार नाही.

मग त्यांनी काय केलं? १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर राहायची सोय केली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, छपाईचं काम तिथल्याच बायकांनी केलं. १९२१ मध्ये हाताशी आलेली मुलगी मनोरमा गेली. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या.

मला यात लागतं ते असं, की त्यांनी पुण्यातल्या माणसांना उत्तर देण्यात आयुष्य घालवलं नाही. घंटादादा, त्या काकांच्या वाक्याला मनात रोज उत्तर देताय तुम्ही, दिसतंय ते. त्यात फार शक्ती जाते.

पापडीकर

वसईहून. आमच्याकडे सगळं गावच कॅथलिक असल्यामुळे नाकारण्याची तऱ्हा वेगळी, पण अनुभव तोच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले (जानेवारी २०२०), तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला. ज्या माणसाने आयुष्यभर मराठीत लिहिलं त्याला मराठीतच परकं ठरवायचा प्रकार. तरी ते संमेलनाला गेले, अध्यक्षपद भूषवलं. फादरांना जवळून ऐकलेलं असल्यामुळे सांगतो, त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसायचा. ही सोपी गोष्ट नाही, मला अजून जमत नाही.

हडपसरची_लेक

रमाबाईंनीही पुणे सोडून केडगाव गाठलं की! म्हणजे माझाच मुद्दा 😊 जागा बदला.

केडगाव_लोकल

ताई, जागा बदलली हे खरं, पण केडगाव पुण्यापासून साठेक किलोमीटर. नाकारणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यातच राहिल्या की.

कसबेकर

सविस्तर लिहितो म्हणालो होतो. मी एका कमिटीवर बारा वर्षं होतो, दुसऱ्या मंडळीत. अशा एका मीटिंगमध्ये मी गप्प बसलेला माणूस आहे. आमच्याकडे एका स्वयंपाकीणबाईंच्या मुलीला तरुणसंघाची सेक्रेटरी करायचा विषय होता. एक जण असंच काही बोलला आणि मी कागद चाळत राहिलो. मुलगी नंतर यायची थांबली. मी तिच्या घरी माफी मागायला गेलो त्याला तीन वर्षं लागली, तोवर ते कुटुंब पिंपरीला गेलं होतं, पत्ता शोधून गेलो. तिने चहा केला, ऐकून घेतलं, परत मात्र आली नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

हे एवढ्यासाठी सांगतोय की तुमच्या त्या मीटिंगमध्ये गप्प बसलेल्यांपैकी एकदोन जण आज नीट झोपत नसतील. तुम्ही त्यांची वाट बघावी असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. पण ते आहेत.

उंबरठा

सगळे मार्क ६ बद्दल बोलताय पण पाचवं वचन कुणीच घेतलं नाही. तिथे लिहिलंय की त्याला गावात मोठं काही करता आलं नाही, पण थोड्याशा रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. मी नर्स आहे म्हणून असेल, माझं लक्ष कायम त्या थोड्याशा रोग्यांकडे जातं. अख्खं गाव तोंड फिरवून बसलंय आणि तीनचार माणसं आहेत ज्यांना ताप आहे, दुखतंय, त्यांना हा कुणाचा मुलगा याच्याशी देणंघेणं नाही, ती म्हणाली असतील ठेव बाबा हात. आणि त्याने ठेवला. रागावून निघून गेला असता तर ती तशीच राहिली असती.

घंटादादा, तुम्ही अकराची चार झाली एवढंच लिहिलंत. ती चार कोण आहेत?

रविवारची_घंटा

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

एक सातवीतला, त्याची आई घरकाम करते, वडील नाहीत. दोघी जुळ्या, तिसरीतल्या. आणि एक पाचवीतली, फार प्रश्न विचारते. मागच्या महिन्यात येशूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयची गोष्ट घेतली, आपल्या मराठी बायबलमध्ये तो उंबरावर चढतो, तर ती म्हणाली सर, दत्ताच्या देवळामागे आहे तेच झाड? म्हटलं तेच. मग पुढच्या रविवारी चौघं येताना उंबराचं एक एक पान वहीत घालून घेऊन आली, आणि भांडण, की जक्कय बुटका असेल तर पहिल्या फांदीला हात कसा पोचला. सातवीतला म्हणाला, कुणीतरी खालून ढकललं असणार. बायबलमध्ये तसं काही नाही, पण मी त्याला नाही म्हटलं नाही.

आणि घरी जाऊन वचन वाचायचं म्हणालो होतो ना, तीन घरं आहेत. त्यातल्या एका आजींना दिसत नाही. त्या प्रत्येक वेळी विचारतात, घंटावाल्याचा मुलगा ना रे तू? आणि माझा हात धरून तळव्यावरून बोट फिरवतात, करंगळीखाली. मग म्हणतात, वाच आता.

सुमनमावशी_नगर

त्याच वाक्याने एकाने तुला खाली पाडलं बघ, आणि त्याच वाक्याने आजी तुला बसायला सांगतात.

गुरुवारपेठी_तात्या

भावाबद्दल एक राहिलं. योहान ७ मध्ये लिहिलंय की येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. आणि पुढे १ करिंथ १५ मध्ये पुनरुत्थानानंतर तो याकोबाला दिसला असं आहे, अभ्यासक तो हाच प्रभूचा भाऊ धरतात, आणि तोच पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला.

सदाशिवातली_शांता

तात्या, प्रेमाने सांगते, हे कुणाला वचन म्हणून देऊ नका. प्रत्येकाचा याकोब येतोच असं नाही. माझा सख्खा भाऊ अठरा वर्षांनंतरही आलेला नाही. मी तरी राखी पाठवते.

गुरुवारपेठी_तात्या

खरंय ताई. मागे घेतो.

रविवारची_घंटा

दहा दिवसांनी लिहितोय. मंडळी सोडायची नाही असं तूर्त ठरवलंय, हडपसरच्या ताई, तुमचा सल्ला बाजूला टाकलेला नाही, पण त्या आजींचं घर आवारापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

परवा भावाकडे गेलो. म्हटलं राजीनामा देण्याआधी तुला विचारायला हवं होतं, ते चुकलं. औषधाचे पैसे टेबलावर ठेवले आणि मेडिकलच्या सगळ्या पावत्या दाखवल्या. तो टीव्ही बघत राहिला. काम सोड असंही म्हणाला नाही आणि बस असंही म्हणाला नाही. वहिनीने पाणी दिलं.

काल रविवारी चार वाजता खोली उघडली, चौघं आली. सव्वाचारला दारात भावाची मुलगी, हातात कंपासपेटी. म्हणाली, काका, आईने पाठवलंय, पण साडेपाचच्या आत घरी यायला सांगितलंय. उंबराची पानं वाळली होती, ती तिला दाखवायला चौघांची गडबड चालली होती. सव्वापाचला मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आलो.